लढाईच्या नाटकातलं जेवण

पडदा उघडतो तेव्हा सकाळ आहे. उजव्या हाताला ओटा, ओट्यावर शेगडी, शेगडीवर तवा. मागच्या भिंतीतल्या खिडकीत कापसाच्या जिनिंगचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि त्याच्या मागून दिग्रसच्या स्टँडवरून निघालेल्या पुसदच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो. डावीकडे प्लास्टिकची खुर्ची, तिच्या पाठीवर टॉवेल. आणि मध्यभागी नलू. वय साठीपलीकडचं, केस घट्ट बांधलेले, दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. ती भाकर थापते आहे. या प्रवेशात तिला एकही वाक्य नाही, आणि घरात ऐकायलाही कोणी नाही.

तीन भाकरी झाल्या. भरली वांगी झाली, वरण झालं, थोडा भात झाला. नलूने सगळं स्टीलच्या डब्यात एकावर एक रचलं, कडी लावली आणि डबा फडक्यात बांधला. हे जेवण तिचं नव्हतं. दुपारी घाटंजीला प्रयोग होता, आणि नाटकातला नवरा दुसऱ्या अंकात पाटावर बसून जेवतो, त्याचं हे जेवण.

उजेड नाट्य मंडळाचा हा जुना नेम. मंडळ चालवायचे पंजाबराव. चाळीस एकर कापूस-सोयाबीन, आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरचा बैल थांबावा. त्यांनी तरुणपणी कुठल्याशा नाटकात एका नटाला रिकाम्या ताटात बोटं फिरवून तोंड हलवताना पाहिलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. तेव्हापासून मंडळात कायदा झाला. तालमीत ताट रिकामं चालेल, पण प्रयोगात जेवण खरं हवं. ते खानावळीतून आणायचं नाही. जी नटी वाढणार, तिनेच ते आपल्या घरी, आपल्या हातानं केलेलं असावं. पंजाबराव म्हणायचे, वाढणाऱ्या बाईला आपण काय वाढतो ते ठाऊक नसेल तर प्रेक्षकाला काय कळणार?

नाटक जुनं होतं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि ब्रह्मदेशातून एक शिपाई चार वर्षांनी घरी परत येतो. एवढ्या काळात घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. कोणी वाईट नाही, कोणी भांडत नाही, फक्त त्याला बसायला जागा सापडत नाही. शेवटी तो पुन्हा जायला निघतो. सगळं नाटक स्वयंपाकघरात घडतं, एक गोळी सुटत नाही, तरी दिग्रसात त्याला सगळे लढाईचं नाटकच म्हणत. नाव ऐकून पहिल्या प्रयोगाला पोरं तलवारी बघायला आली होती आणि पहिल्या अंकानंतर कुल्फी खायला निघून गेली होती.

या नाटकातली बायको नलू करायची, आणि नवरा करायचा तिचा नवरा, धम्मरत्न.

नलू मूळची बोरी अरबची. तिच्या वडिलांचा जलसा होता. भीमजयंतीला गावोगाव जायचे, आणि परकर नेसणाऱ्या वयाची नलू पुढे उभी राहून असा सूर लावायची की मागची माणसं पेटी विसरायची. लग्न होऊन दिग्रसला आली आणि अंगणवाडीत लागली. त्या काळी मंडळात बायकांचं काम देवीलाल टेलर करायचा. हात नाजूक, चाल नाजूक, पण मिशी काढायला तयार नाही. अख्खं नाटक तो पदर तोंडाशी धरून काढायचा. एकदा पदर निसटला आणि करुण प्रसंगात थिएटर हसून लोळलं, तेव्हा पंजाबराव दुसऱ्याच दिवशी नलूच्या दारात हजर झाले.

धम्मरत्न एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. बोलणं मोजकं, हात कायम ऑइलनं काळे. पंजाबरावांचं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "नलू येईन. पण तिच्यासंगं मीही येईन. मले भाला देऊन कोपऱ्यात उभं करा."

तसं उभं केलंही. कित्येक वर्षं धम्मरत्न भालदार होता, पोस्टमन होता, एकदा तर मढं होता आणि त्यातही त्याला शिंक आली. नट म्हणून तो यथातथाच. पण लढाईचं नाटक हाती आलं, शिपायाला सगळ्या नाटकात जेमतेम पानभर वाक्यं, आणि पंजाबरावांच्या डोक्यात उजेड पडला. न बोलणाऱ्या माणसाला न बोलणाऱ्याचं काम दिलं. यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, जिथे बोलावलं तिथे नाटक गेलं. प्रयोगाआधी नटराजापुढे नारळ फोडायचा पंजाबरावांनी, आणि बाजूला बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची धम्मरत्नने. त्यात कधी अंतर पडलं नाही.

आणि तिसऱ्या अंकात नलूचं रडणं. नवरा जायला निघाल्याचं कळतं, तिला एक शब्द नाही, ती चौकटीला टेकून नुसती रडते. ते रडणं तीन तालुक्यांत माहीत होतं. बायका नाटकाचं नाव विसरत, पण ते रडणं विसरत नसत. बाजारात भेटल्या की म्हणत, बाई, तुम्ही त्या दिवशी रडल्या आणि माझं तर आठ दिवस जेवण गेलं.

श्रावणात धम्मरत्न गेला. आंघोळीला निघाला होता, जरा टेकतो म्हणून खुर्चीत बसला आणि तिथेच राहिला. पुण्याहून मुलगा आला, अश्वजित. आल्याबरोबर बापाच्या पायावर पडून ओक्साबोक्शी रडला. नलूने त्याला उठवलं, पाणी दिलं. आल्यागेल्याच्या चहाचं पाहिलं, कोणाला बिनसाखरेचा लागतो ते लक्षात ठेवून दिला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पांढऱ्या साडीत उभी राहून तिने सगळी वंदना न अडखळता म्हटली. बायका आपसात कुजबुजल्या की छातीवर दगड बसलाय, एकदा रडू द्या तिला. कोणी जवळ घेऊन हलवलंही. नलू हलवल्यासारखी हलली आणि परत होती तशी बसली. तिला दुःख होत नव्हतं असं नाही. पण ते कुठे तरी शेजारच्या घरात चालू असल्यासारखं होतं, भिंतीपलीकडे.

लढाईचं नाटक त्या हिवाळ्यात यवतमाळच्या स्पर्धेत जायचं ठरलेलं होतं. पंजाबराव भेटायला आले ते दारातच घुटमळले. म्हणाले, नाव मागे घेतो. नलू म्हणाली, घेऊ नका, मी करते. तिचं कारण तिने कोणाला सांगितलं नाही, पण ते साधं होतं. घरातली खुर्ची रिकामी होती. नाटकातल्या पाटावर निदान कोणी तरी जेवायला बसणार होतं. तिथे वाढायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं.

शिपायाचं काम इंद्रजितला दिलं. इंद्रजित बोरी अरबच्या शाळेत मास्तर, चाळिशीचा, गोडबोल्या, एका ठिकाणी गप्प न बसणारा. त्याला गप्प बसवण्यातच पंजाबरावांच्या आठ तालमी गेल्या. पहिल्या दिवशीच तो नलूच्या पाया पडला आणि म्हणाला, आजवर काकू म्हणत होतो, आता एकदम बायको म्हणायचं म्हणजे माझी जीभ झडन. सगळे हसले. नलूनेही हसायच्या जागी तोंड हसरं केलं.

तालमी जिनिंगच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये व्हायच्या. पहिला अंक बसला. दुसरा बसला. तिसऱ्यात नलू चौकटीला टेकली आणि काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. ती खांदे हलवायची, चेहरा झाकायची, घशातून आवाज काढायची, पण ते रडण्याचं सोंग होतं आणि ते सर्वांत आधी तिलाच दिसायचं. पंजाबराव तंबाखू मळत पाहत राहायचे. वही धरून प्रॉम्प्टिंग करायची उर्वशी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची, पस्तिशीची, सुरेख आवाजाची. नलूची सगळी वाक्यं तिला पाठ होती. ती वहीत मान घालून बसायची.

शेवटी पंजाबरावांनी नलूला बाजूला घेतलं. एवढा मोठा आवाज, पण त्या दिवशी तोंडात कापूस धरून बोलावं तसे हळू बोलले. घाटंजीचा प्रयोग होऊ द्या, म्हणाले. तिथं रडणं आलं तर काही प्रश्नच नाही. नाही आलं, तर यवतमाळला उर्वशी करेल. मंडळाच्या पोरांनी वर्षभर घाम गाळलाय, माझाही नाइलाज आहे.

नलूने मान हलवली. पाट जायचा की राहायचा ते आता घाटंजीवर होतं.

तर तो घाटंजीचा दिवस. टेम्पो आर्णीमार्गे निघाला. दोन्ही बाजूंना कापूस फुटून पांढरा झाला होता, बायका कमरेला फडक्याच्या ओट्या बांधून वेचत होत्या. नेपथ्याच्या चौकटी दोरीने बांधलेल्या, त्यांच्यामध्ये पोरं बसलेली, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर डबा घेऊन नलू. खड्डा आला की ती डबा दोन्ही हातांनी वर धरायची. उर्वशीने मध्ये एकदा विचारलं की काकू, मी धरू का? नलूने नाही म्हटलं.

प्रयोग एका मंगल कार्यालयात होता. वधूपक्षाच्या खोलीत मेकअप. पंजाबरावांनी नारळ फोडला आणि सवयीने बाजूला पाहिलं. मेणबत्ती तशीच होती. कोणी काही बोलायच्या आत नलूने काडी ओढली आणि लावली. इंद्रजितच्या केसांना पांढरी पावडर चोपडून झाली होती. तो आरशात बघून म्हणाला की आमच्या बापासारखा दिसून राह्यलो, आता मलेच माहा धाक वाटते. तिसरी घंटा झाली.

पहिला अंक बरा गेला. कार्यालय भरलेलं होतं. आठवड्याचा बाजार नव्हता तरी खेड्यांवरून माणसं आली होती, लेकरं मांडीवर घेऊन बायका पुढे खाली बसल्या होत्या.

दुसरा अंक. चार वर्षांनी आलेला शिपाई आपल्या घरच्या पाटावर बसतो. नलूने ताट मांडलं. वांगं वाढलं, वरण वाढलं, भाकर मोडून कडेला ठेवली. तिचे हात आपोआप चालत होते. आणि खरंच, कोणी तरी समोर मांडी घालून बसलं होतं, मान खाली घालून, पांढऱ्या केसांचं. ती वाढत होती आणि ते माणूस जेवणार होतं. गेल्या चार महिन्यांत इतकं सोपं काहीच झालं नव्हतं.

शिपाई पहिला घास घेतो आणि म्हणतो, "चार वर्षं झाली, अशी चव जिभेला लागली नव्हती." नाटकातलं त्याचं हे सर्वांत मोठं वाक्य. इंद्रजितने घास घेतला. चावला. आणि थांबला. वाक्य येईना. त्याचा हात आपसूक ताटाच्या कडेकडे गेला, जिथे मीठ वाढलेलं असतं तिथे. तिथे काही नव्हतं. तालमीत ताट नेहमी रिकामं असायचं, त्यामुळे प्रयोगातलं जेवण कसं लागतं ते त्याला माहीतच नव्हतं. घरी रोज म्हणत असेल तसं तो सहज म्हणून गेला, "जरा मीठ वाढ."

नलूने मान वर केली नाही. वरणाची वाटी सरकवता सरकवता म्हणाली, "मीठ काही भेटत नाही तुमाले. सकायची बीपीची गोळी घेतली काय?"

लढाई नुकतीच संपलेल्या त्या घरात बीपीची गोळी! विंगेत पंजाबरावांनी कपाळाला हात लावला. उर्वशी वहीची पानं पुढे-मागे करायला लागली. प्रेक्षकांत थोडे हसले. पुढे बसलेली एक बाई मात्र मोठ्याने हसली, घरी मिठाची बरणी लपवून ठेवणारी असावी.

झालं होतं ते एवढंच. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने धम्मरत्नचं मीठ तोडलं, आणि दोघांना दोन भाज्या कशाला म्हणून नलूने स्वतःचंही तोडलं. मिठाची बरणी वरच्या फळीवर मागे गेली. तो गेल्यावरही ती खाली आली नाही. नलूच्या ते ध्यानातच आलं नाही. ती तसंच करत होती, तसंच खात होती. मंडळात हे कोणालाही माहीत नव्हतं, कारण प्रयोग संपल्यावर उरलेला डबा ते दोघंच कोपऱ्यात बसून संपवत. शेवटची दोन वर्षं धम्मरत्न अळणी वांगं तोंडात घालून ते चवीचं वाक्य म्हणत होता, आणि असं म्हणत होता की पुढच्या रांगेतली माणसं आवंढा गिळायची. तेवढा एक अभिनय त्याला आयुष्यात जमला होता.

इंद्रजितने नलूकडे पाहिलं. तो बडबड्या होता, पण मूर्ख नव्हता. रंगमंचावर जे गप्प राहणं पंजाबरावांना आठ तालमींत शिकवता आलं नव्हतं, ते त्याला त्या क्षणी आलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मग हळू म्हणाला, "घेतली."

आणि मग त्याने आपलं वाक्य म्हटलं, चार वर्षांचं, आणि ते अळणी ताट शेवटच्या शितापर्यंत संपवलं. दुसरी भाकरही मागून घेतली.

ती वाढताना नलूने त्याच्याकडे नीट पाहिलं. कानामागे पावडर लागली नव्हती, तिथले केस काळे होते. गळ्याशी घामाची धार. हा बोरी अरबचा मास्तर होता. पाटावर कोणी तरी बसावं म्हणून ती इथवर आली होती. कोणी तरी बसलं होतं, आणि तो इंद्रजित होता. आता काही तरी होईल, आतून काही फुटेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. काहीच झालं नाही. हातावरचं पीठ सकाळी नीट धुतलं गेलं नव्हतं, ते बोटांच्या पेरांत वाळून बसलं होतं, तेवढं तिला जाणवलं.

तिसऱ्या अंकात ती चौकटीला टेकली. विंगेतून पंजाबराव घशातल्या घशात म्हणत होते की रडा, नलूबाई, रडा आता. नलू रडली नाही. रडण्याचं सोंगही तिने केलं नाही. ती खाली बसली, हात मांडीवर ठेवले आणि रडायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ तशीच बसून राहिली. लाइटवाल्या पोराला दिवा कधी उतरवायचा तेच कळेना, त्याने तो तसाच ठेवला. एक लेकरू कुरकुरलं, त्याच्या आईने त्याला थोपटलं. मग पडदा पडला. टाळ्या जरा उशिरा आल्या. चांगल्या होत्या की नुसत्या रीतीच्या, ते नलूला कळलं नाही, आणि तिने कोणाला विचारलंही नाही.

वधूपक्षाच्या खोलीत ती डबा विसळत बसली होती. उर्वशी खोबरेल आणि कापूस घेऊन आली आणि तिच्या तोंडावरचा रंग पुसायला लागली. उर्वशीलाही ते काम हवं होतं, वर्षानुवर्षं विंगेत बसून हवं होतं. आणि आज ते मिळणार अशा बेताला तिला नलूच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. ती हनुवटीच पुसत राहिली. इंद्रजित पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बसला होता. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "काकू, मले काही बीपी नव्हता. पण आता होईन असं वाटून राह्यलं." कोणी हसलं नाही, तोही नाही.

पंजाबराव आत आले. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"नलूबाई," ते म्हणाले, "गोडाऊनमधी मी जे बोललो, ते मी वापस घेतो. तुमी रडा, का नका रडू. यवतमाळले हे काम तुमीच करान. माह्या मंडळात हा पाट तुमचाच."

उर्वशीचा हात क्षणभर थांबला, आणि मग ती परत पुसायला लागली, अगदी हलक्या हातानं. ते बरोबरच आहे, असंही ती पुटपुटली.

नलूने डब्याची कडी लावली. नाटकातल्या बायकोच्या हिरव्या बांगड्या एकेक करून मनगटातून काढल्या, उर्वशीचा तेलकट हात धरला आणि त्यात घातल्या. पंजाबराव काही बोलणार होते, पण ती त्यांच्याकडेच पाहत होती, स्टँडवर गाडीची वेळ विचारावी इतक्या सरळ चेहऱ्यानं.

"नको भाऊ. उर्वशीले करू द्या. इतके वर्ष मी आतच होती, मी हे नाटक कधी पाह्यलंच नाही. यवतमाळले मले समोर एक खुर्ची ठेवजा."